बारा हाका

हजर झाली त्या रात्री तिनं आधी माझं वय विचारलं.
नाव नंतर.
त्रेचाळीस, म्हटलं, का गं?
बोटांवर काहीतरी मोजलं, जीभ चावली,
म्हणाली, नियमानं तुम्ही आजुम्मा लागता,
पण बरं नाही वाटत. मी उन्नी म्हणते.

नाझनीन मुजावर, गाव जत, वय बावीस.
कोरियन येत नाही. बारा शब्द येतात,
मिरजेच्या हॉस्टेलात, एका पांघरुणाखाली,
एक इअरफोन दोघींत वाटून वेचलेले.
बाराच्या बारा हाका.
अख्ख्या भाषेतून तिनं फक्त माणसं उचलली,
क्रियापदं तिथंच ठेवली.

वॉर्डबॉय सिद्रामला ती ओप्पा म्हणते.
पहिल्यांदा तो घाबराच झाला,
"आप्पा? ओ सिस्टर, सव्वीसचा हाय की मी अजून!"
आणि सात नंबरच्या खाटेवरचे खरे आप्पा,
अथणीचे, मांडीत सळई घातलेले,
प्रत्येक ओप्पाला झोपेतून ओ देतात.
तिकडं आप्पा म्हणजे बाप, नाझनीन सांगते.
अथणीतही, मी म्हणते.
मग दोघी जरा वेळ गप्प,
कुणी कुणाकडून उसना घेतला असेल.

मिरजेला याचं काही नवल नाही.
अक्का आली, अण्णा आला,
कुठल्या गाडीनं, कुणी बघितलं नाही.
उतरले आणि घरातलेच झाले.
कन्नड येतं का विचारून कुणी अक्का म्हणत नाही.
मला तर वीस वर्षं अख्खं गाव सिस्टर म्हणतं,
त्यातला एकही माझा भाऊ नाही.

तरी मी दरडावलं.
वॉर्डात ऐनापुरे सिस्टर म्हणायचं.
उन्नी बाहेर, चहाच्या गाड्यावर.
हो सिस्टर, म्हणाली.
दोन रात्री सिस्टर म्हणाली.
तापाचे तक्ते नीट, सलाइन वेळेवर,
बोट ठेवायला जागा नाही,
आणि मलाच आपलं काहीतरी हरवल्यासारखं.

कसं सांगू तिला,
मी ताई झाले तेव्हा अडीच वर्षांची होते.
ताई म्हणजे मोठा तुकडा त्याला दे.
ताई म्हणजे तुझं काय, तुला पगार आहे.
सुहासची फी, सुहासचा प्लॉट, सुहासच्या मुलीचं बारसं,
आणि फोनवर, "ताई, एक काम होतं."
बिनकामाचं ताई शेवटचं कधी ऐकलं
ते आठवत नाही.
उन्नीच्या मागं असलं काही नव्हतं.
कोरं पासबुक.
कुणी भरलेलं नाही, कुणी काढलेलं नाही.

तिसऱ्या रात्री, चारच्या सुमाराला,
अकरा नंबरच्या म्हातारीचा श्वास अडकला
आणि व्हरांड्याच्या त्या टोकाहून नाझनीन ओरडली,
उन्नी!
सिस्टर म्हणाली असती तरी धावले असते.
पण चप्पल घालून धावले असते.

म्हातारी सावरली.
नाझनीननं माफी मागितली नाही,
मी आठवण करून दिली नाही.
ऑक्सिजनच्या बुडबुड्यांकडं बघत
दोघी उभ्या राहिलो उजाडेपर्यंत.

काल हँडओव्हरच्या वहीवर सही करत होते,
ती आली, दोन्ही हातांनी चहा पुढं केला.
हेही तिकडचंच शिकलेली.
"उन्नी..."
अर्ध्यावर थांबली. मला कळलं.
या सुराला मी चाळीस वर्षं ओळखते.
"रविवारची माझी नाईट घ्याल का?
मामूच्या पोरीची हळद आहे."

आलंच, म्हटलं मनात.
पासबुकात पहिली नोंद.

घेतली नाईट.
म्हटलं, येताना भडंग आण पावशेर,
आणि तो आजुम्मा शब्द सिद्रामसमोर काढायचा नाही.
ती हसली, आणि जाता जाता त्याला मोठ्यांदा हाक दिली.
खाट सातवरून आप्पांनी ओ दिली.