लाकडी बुटातलं नाणं

हिस्केचे स्केट्स सलग तिसऱ्या हिवाळ्यात
तिच्या पायात नीट बसले.
बाउक्ये म्हणाली, चला, पैसे वाचले.
मग कालवा वितळेपर्यंत
आम्ही दोघंही त्यावर काही बोललो नाही.

तान्ही असताना दूध प्यायला तिला तास लागायचा.
नुसतं कुठं टेकलं तरी पोटऱ्यांवर निळे डाग.
डोळे एकमेकांपासून जरा दूर,
भिंतीला भिंत लागून न बोलणाऱ्या भावांसारखे.
कान खाली, किंचित मागं कललेले,
जणू पाठीमागून कुणी हाक मारणार आहे.
शाळेतल्या बाई म्हणाल्या, गोड आहे.
थांबल्या.
म्हणाल्या, छोटी आहे.

ग्रोनिंगनला डॉक्टर हुकझेमांनी
तिच्या छातीवर नळी ठेवली आणि डोळे मिटले.
मी पूल उघडणारा माणूस, मला तो चेहरा कळतो.
पाणी अरुंद जागेतून घुसतं तेव्हा
दारं बघायची नसतात, ऐकायची असतात.
"फुप्फुसाकडं जाणारी झडप," त्या म्हणाल्या,
"पुरती उघडत नाही."
मी विचारलं, वंगण?
बाउक्येनं टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

नूनन सिंड्रोम. पहिला शब्द
पलीकडच्या काठावरच्या कुणाचं आडनाव असावं तसा.
सांगता सांगता डॉक्टरांची नजर हिस्केवरून निघाली
आणि माझ्यावर येऊन राहिली.
माझ्या कानांवर. कॉलरमधून थेट खांद्यांत उतरणाऱ्या मानेवर.
खुर्चीच्या टोकाशी सरकून टेकवलेल्या पायांवर.
"डाउवे, तुमचं हृदय कधी कुणी ऐकलंय?"

एक्केचाळीस वर्षं.
गावात मला अर्धा डाउवे म्हणतात,
कारण पुरा डाउवे खाटीक आहे.
आडात होतं तेच पोहऱ्यात आलं,
फक्त आडाला ठाऊक नव्हतं.

"दर मुलामागं एक नाणं उडतं," त्या म्हणाल्या,
"छापा की काटा. दोष कुणाचाच नाही."
त्यांना काय माहीत, माझं पोट नाण्यावरच.
गळाच्या काठीला लाकडी बूट बांधायचा,
होडीवाल्यांपुढं झुलवायचा,
आत खणकलं की पूल उचलायचा.
इतक्या वर्षांत मी एकदाही पाहिलं नाही
कुठली बाजू वर पडते.

मार्चमध्ये तिच्या मांडीच्या शिरेतून
एक बारीक फुगा हृदयापर्यंत गेला,
चिंचोळ्या दारात फुगला,
रिकामा होऊन आल्या वाटेनं परतला.
मी बाहेरच्या भिंतीवर
नसलेली कळ चाचपत होतो.

आता रोज रात्रीची सुई आहे, उंचीसाठी.
तपासण्या आहेत, तिच्या आणि माझ्याही.
बाउक्येनं रागवायला महिना घेतला.
मग एका रविवारी, वाटाण्याचं सूप वाढताना, रागावली.
तुझ्यावर नाही, म्हणाली,
पण वाडगा माझ्याच पुढ्यात आपटला.

पुलाच्या कळीपाशी हेरिंगची एक पेटी आहे, माझ्या बापाची.
तिच्यावर चढल्याशिवाय त्याचा हात पोहोचत नसे.
माझाही पोहोचत नाही.
आम्हाला वाटायचं, कळच उंचावर बसवलीय.
उन्हाळ्यात तिच्यावर हिस्के उभी राहते, बूट झुलवते,
जर्मन होडीवाल्याला ठणकावते: दोन युरो.
तो एक टाकतो, हसतो.
ती काठी मागं घेत नाही.
पूल खालीच.
मागं चार होड्या खोळंबतात, कुणी भोंगा वाजवतं.
ती बघत राहते त्याच्याकडं,
खाली.