खाकी पाकिटं

ब्लाइनगार्थच्या दवाखान्यात, मागच्या थंडगार खोलीत,
चार हजार खाकी पाकिटं.
एकेकात एकेक माणूस, घडी घालून.

एलिनेडला तीन महिन्यांचं काम मिळालंय :
टाचण्या काढायच्या, चुण्या मोडायच्या,
कागद काचेवर पालथा घालायचा.
उजेडाची रेघ सरकते
आणि कुणाचा गोवर, कुणाचं मोडलेलं मनगट
पडद्यावर उमटतं, जरासं तिरकं.

म्हाताऱ्या डॉक्टर प्यूंचं अक्षर म्हणजे मोडी.
चाळीस वर्षं हात न उचलता लिहिलेलं,
हिरव्या शाईत.
समासात तेवढं लागतं :
‘आधी कुत्र्याची चौकशी. मग छातीची.’
‘खोकला खाणीचा, बाटलीचा नव्हे. बायकोला सांगितलंय.’
‘काहीही झालेलं नाही. येऊ द्यावं.’

नव्या डॉक्टर ओकेरेके भल्या आहेत, पण
पडद्याकडे बघत विचारतात,
पेशंट त्यांच्या कानाशी बोलतो.
कुत्र्याला रकाना नाही.
‘इतर’ आहे. ‘इतर’मध्ये साठ अक्षरं मावतात.

एलिनेड हळहळत बसली असती.
पण मंगळवारी, चहाच्या आधी,
हाताला लागलं : प्रॉसर, टी.
मेलेल्यांची पाकिटं वर पाठवायची असतात,
वडिलांचं मागे कसं राहिलं कोण जाणे.

ब्याऐंशी साल. समासात नव्हे, ऐन मधोमध,
शाळेच्या फळ्यावर लिहावं तसं :
पेनिसिलिन नको. खाली दोन रेघा.

त्या रविवारी रात्री वडील तीस मैलांवर होते,
शुद्ध हरपून, मोठ्या इस्पितळात.
आणि हे इथे. कुलपात.
‘कुणालाच ठाऊक नव्हतं गं,’ आई म्हणत राहिली,
शेवटपर्यंत.

तिने कागद काचेवर ठेवला.
रेघ सरकली.
यंत्राने विचारलं, रुग्ण हयात नाही, जतन करायचं?
हो.
पुन्हा विचारलं, नक्की?

चहा निवला. बाहेर मेंढ्या,
आणि बसची वाट बघणारं कुणी खोकत होतं.

मग तिने पुढचं पाकीट ओढलं, खोकल्याचं, कुत्र्याचं.
ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं, दोनदा तपासलं.
आणि ‘इतर’मध्ये,
जीभ दातांत धरून, एकेक अक्षर मोजत :

आधी कुत्र्याची चौकशी करा. नाव मॉट. मेला असेल तर