बारी

दुपारी मीच तिची पिशवी मोजली होती.
निळ्या लोखंडी चौकटीत ती जाईना.
चाकं बाहेर, चार बोटं.
सेहेचाळीस युरो, मी म्हणाले. कार्डाने.
तिने पिशवी उघडून कोट काढला, अंगात घातला,
त्यावर स्वेटर, त्यावर शाल,
जूनमध्ये, बारी शहराच्या उकाड्यात,
आणि मग पिशवी गेली.

म्झेविनार. मुक्काम कुताइसी.
सात वर्षं इथल्या कुणा सिन्योराला न्हाऊ घालते,
रात्री दोनदा उठून तिची कूस बदलते.
हे मला नंतर कळलं.
दुपारी ती फक्त चार बोटं जास्त होती.

दोन वीसचं विमान चार पाचला.
चार पाचचं सहा चाळीसला.
कारण विचारतात. कारण माझ्या पडद्यावरही नसतं.
'तांत्रिक' असा एक शब्द दिलेला आहे,
डालग्याखाली कोंबडी झाकावी
तसं त्याखाली सगळं झाकते.
मी कंपनीची नाही हो.
कंपनीने ज्याला कंत्राट दिलं,
त्याने ज्याला कंत्राट दिलं, त्याची मी.
गळ्यातला रुमाल तेवढा कंपनीचा,
तोही नोकरी सोडताना धुऊन परत करायचा.

सव्वानऊला फलकावरची ओळ लाल झाली.
माइकवर मी इटालियनमध्ये वाचलं, इंग्रजीत वाचलं.
जॉर्जियनमध्ये वाचायला कुणी नव्हतं,
तरी सगळ्यात आधी त्यांनाच कळलं.
एकशे बहात्तर माणसं, बहुतेक बायका,
दुसऱ्यांच्या आया सांभाळणाऱ्या.

चार युरोचं कुपन. उपाहारगृह आठलाच बंद.
पुढचं विमान शुक्रवारी.
पैसे परत हवे तर ॲपमधून.
ॲपमध्ये बोलायला एक यंत्र आहे,
त्याला बाईचं नाव आहे,
आणि ते म्हणतं, तुमची अडचण मला समजते.

म्झेविनार काउंटरशी आली. भांडली नाही.
भांडणाऱ्यांसाठी ठेवलेला एक चेहरा
मी लावून बसले होते, तो फुकट गेला.
उद्या चाळिसावा, ती म्हणाली.
कुणाचा?
आईचा. गेली तेव्हाही पोचले नाही,
सिन्योराला न्यूमोनिया होता.
शुक्रवारी जागा आहे, मी म्हणाले.
हे मी म्हणाले.
दुसरं वाक्य येत नव्हतं असं नाही.

अकराच्या सुमाराला गेटपाशी त्यांनी शाल पसरली.
तीच, दुपारी सेहेचाळीस युरो वाचवलेली.
कुणाच्या पिशवीतून पाव निघाला, कुणाच्या चीज.
त्यांच्यात या दिवशी गहू मधात शिजवतात.
इथे गहू कुठला?
कुणीतरी बिस्किटं चुरली,
हॉटेलातल्या मधाच्या पुड्या त्यावर पिळल्या.
पावाच्या मधोमध एक पिवळी, काडीएवढी मेणबत्ती.
मी धावले. पेटवू नका, वर धुराची घंटा आहे!
माहीत आहे, म्झेविनार म्हणाली.

न पेटलेल्या मेणबत्तीभोवती त्या उभ्या राहिल्या,
जणू वाऱ्यापासून तिला आडोसा करत.
करमुक्त दुकानातल्या वाइनचे चार थेंब पावावर.
आधी तिच्या आईचं नाव,
मग एकेकीने आपापलं.
सवयीने मी मोजत होते. तेवीस.
मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.
दिवसभर यांची बारी लावली होती मी,
आता माझी बारी.
कुणाचं नाव घेतलं ते इथे लिहीत नाही.
त्यांनी मात्र ते नीट ऐकलं,
एकीने तर उच्चार चुकू नये म्हणून
दोनदा पुटपुटून पाहिलं.

रात्री दीडला पार्किंगच्या यंत्राने
नऊ युरो मागितले.
कर्मचाऱ्यांना दहा तासच फुकट.
कारण विचारायला तिथे कुणी नव्हतं.
बोटांना मध होता,
कार्ड दोनदा घसरलं.