सात नंबर

बोटीवरून परत आलो तेव्हा सोबत एक बॅग होती
आणि कानात एक आवाज,
जो कस्टमने तपासला नाही.

वायंगणीच्या घरात पंखा फिरला
तरी मला इंजिनरूम ऐकू यायची.
आईने काही न विचारता पंखा बंद केला
आणि सगळा मे महिना अंगावर घेतला.

कुडाळच्या डॉक्टरांनी गोळी दिली, रात्री साडेनऊची.
म्हणाले, रोज थोडं चाला.
पावसाळा सरल्यावर एका पहाटे चालायला गेलो,
तर ओहोटीच्या ओल्या वाळूत
यशवंत कुबल डालड्याच्या डब्याने
भोक पाडत बसलेले.

चाळीस वर्षं मुंबईत, गोल्फच्या मैदानावर कॅडी.
निरोपाला शाल मिळाली, आणि एका पारशी साहेबाकडून
एक लोखंडी काठी, सात नंबरची.
उरलेल्या तेरा काठ्या त्यांनी कधी मागितल्या नाहीत.

गवत कुठलं! झेंडा म्हणजे
चिव्याच्या काठीला रापणीचं फाटकं जाळं.
मैदान समुद्राचं, काही तासांपुरतं उसनं.
वाळूच्या बारक्या गोळ्या करत हजार कुर्ल्या
आमच्या आधीच खेळायला उतरलेल्या.

"जित्या कुर्लेसारखी धर काठी.
आवळलंस तर चावतली,
सोडलंस तर पळतली."

पहिले अकरा फटके वाळूला.
बारावा हवेला.
तेराव्याला चेंडू उडाला आणि मी लगेच मान वर केली,
तेव्हा त्यांनी काठी माझ्या घोट्यावर टेकवली:
"चेंडू खंय गेलो ता मागीर.
आधी पाय खंय आसत ता बघ."

पाय वाळूत होते.
लोखंडी जिन्यावर नव्हते.
हे मला सहा महिन्यांत
कुणी इतक्या सोप्या भाषेत सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या आणि चौथ्या भोकाच्या मधे, कधीतरी डिसेंबरात,
माझ्या तोंडून इर्शादचं नाव गेलं.
पाळी माझी होती. खाली मी त्याला पाठवला.
धूर आला तेव्हा मी चहा ढवळत होतो.
चमचा अजून तसाच फिरतो, म्हणालो.
कुबल चालत राहिले, माझ्या अर्धा पाऊल मागे,
चाळीस वर्षांच्या सवयीने.
मग म्हणाले, "बोल. सायबांच्यो बॅगो उचललंय मी.
बॅगेपरास त्यांचा बोलणाच जड आसायचा."
आणि पुढचा फटका मारायला
काठी माझ्या हातात दिली.

तो फटका सरळ कायतानच्या रापणीत.
दोन्ही दोऱ्या अर्ध्या ओढलेल्या, चाळीस माणसं वाकलेली,
मधोमध माझा पिवळा चेंडू.
मी माफी मागायला धावलो,
कुणीतरी हातात दोर दिला.
ओढायचा असतो तेव्हा ओढायचा असतो,
विचारायला वेळ नसतो.
तळव्यांची सालं निघाली. जाळं वर आलं
आणि कायतानने वाटे घालताना मला हाक मारली:
"जाळ्यात पडलो तो वाट्यात इलो!"
चार बांगडे आणि एक चेंडू, केळीच्या पानात.
आईने त्या दुपारी बांगडे तळले
आणि चेंडू धुऊन
देवाच्या फळीवर ठेवला. का, ते तिलाच ठाऊक.

आम्ही किती फटक्यांत खेळलो हे कुणी लिहीत नाही.
भरती आली की भोकं जातात,
माझी, कुर्ल्यांची, सगळी.
उद्या परत डबा.

आज अष्टमी. भांग.
पाणी धड जात नाही, धड येत नाही.
रात्रभर आवाज होता, गोळी घेऊनही.
सकाळी कुबलांच्या अंगणात जाऊन बसलो.
त्यांनी तोंडाकडे एकदा पाहिलं
आणि खोबरेलाची बाटली पुढे सरकवली.
मी चिंधी भिजवली, काठी पुसू लागलो,
टोकापासून, जिथे मीठ लवकर धरतं.

"सात दिस," ते बिडी शिलगावत म्हणाले.
"पुनवेक बघ, किती वाळू सुटता ती."