सव्वापट

गिऱ्हाइकाला मी दिवसातून चाळीस वेळा विचारतो:
हे स्पष्ट, की हे?
आता बरं, की मघाचं बरं?
गेल्या बुधवारपासून
लॅपटॉप मलाच विचारतो आहे.

तेजलने आणून दिला. बहिणीची मुलगी,
धनकवडीत राहते, दिसेल त्याच्या मशीनवर
लिनक्स बसवते, तीर्थ दिल्यासारखं.
"मामा, पडदा बघ. तेरा इंचांत आडवे बत्तीसशे ठिपके!"
पाहिला. मागचा डोंगराचा फोटो झकास होता.
बिलाचं सॉफ्टवेअर उघडलं
आणि रव्यात मुंग्या झाल्या.

सत्तावीस वर्षं रामोशी गेटजवळ चष्मे विकतोय,
आणि 'बाकी' किती ते वाचायला
दुकानातलंच भिंग उचललं.
इम्तियाज काडीला स्क्रू बसवत होता.
वर न बघता म्हणाला,
"शेठ, नंबर काढू का?"

शंभर टक्के: धारदार, पण वाचवत नाही.
दोनशे टक्के: अक्षर मोठं, अर्धा फॉर्म पडद्याबाहेर,
साबळे मावशींचा उजवा डोळा दिसतो, डावा नाही.
तेजलने सव्वाशे केलं.
बाकी सगळं बेताचं झालं; एवढं बिलच असं,
की कुणी काचेवर 'हाऽ' केलं
आणि पुसायला विसरलं.

"जुनं ॲप आहे रे. त्याला एक कळतं नाहीतर दोन.
मधलं मागितलं की डेस्कटॉप त्याचं चित्र ताणतो."

वडील आम्हाला सवायकी म्हणायला लावत,
दिवा लागल्यावर, मांडी मोडू न देता:
एक सव्वा सव्वा,
बे सव्वा अडीच,
त्रिक सव्वा पावणेचार,
चोक सव्वा पाच.
म्हणजे चार ठिपक्यांच्या जागी पाच.
पाचवा आणायचा कुठून?
शेजाऱ्यांकडून थोडा काळा, थोडा पांढरा
उसना घ्यायचा. म्हणून तो करडा,
म्हणून अनुस्वार शिरोरेघेत बुडालेला,
म्हणून परवा एका कुंभारांना
मी कुभार म्हणालो, आणि ते गेले.
जिथे सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच
यांना जन्मापासून स्वतःची नावं आहेत
त्या भाषेत बिल करणाऱ्याचे हे हाल.

गुरुवारी वीज नव्हती, गिऱ्हाईकही नव्हतं.
तेजल बॅटरीवर बसली, आयकॉनच्या पोटात
एक ओळ लिहिली.
"याला सांगू, सगळं दुप्पट काढ.
मग अक्षरांना तेवढं मागे खेचू, पॉइंट सहा दोन पाच.
दुरुस्ती नाही ही मामा, जुगाड आहे."

जुगाड मला सांगू नकोस, म्हटलं.
साठीच्या माणसाला पहिल्याच चष्म्यात
पूर्ण नंबर दिला तर जमीन वर येते,
जिन्याची पायरी चुकते.
मी पाव कमी देतो. कार्डावर पूर्ण लिहितो.
महिन्याने येतात, म्हणतात, मस्त बसला.

एंटर दाबलं. अनुस्वार
आपापल्या जागी येऊन बसले,
टाचणीच्या डोक्याएवढे, काळेभोर.
चित्रांना मात्र पॉइंट सहा ऐकू गेलं नाही,
प्रिंटरचं चित्र भाकरीएवढंच राहिलं,
आणि 'ठीक आहे'चं बटण
खालच्या कडेच्याही खाली गेलं, कुठेतरी टेबलात.
"ऑल्ट धरून खिडकी वर ओढ," तेजल म्हणाली,
आणि क्लासला पळाली.

मी ओढत नाही.
बटण कुठे आहे ते बोटाला माहीत आहे.

शनिवारी साबळे मावशी आल्या, खुर्चीत बसल्या.
ट्रायल फ्रेममध्ये अजून भिंग घातलं नव्हतं
तोच सर्वांत खालची ओळ म्हणून मोकळ्या:
ग, ल, म, न, प.
दिसतंय मावशी?
"छे! पाठ आहे."

मी तक्ता उलटा केला,
आणि वळून, पडद्याकडे न बघता,
एंटर दाबलं.