ओळीच्या शेवटी

पुंता अरेनास, पहाटेचे साडेपाच. खिडकीला वारा
धडका देतोय, आणि सर्व्हर नायारेतला सांगतोय:
अशी फाइल नाही.
आहे की! ही काय, समोर.
ती पुन्हा चालवते. नाही, म्हणतो तो.
सहाला पोर्वेनिरची बोट सुटायची,
धक्क्यावरच्या पाटीवर अजून कालच्याच वेळा.

एलिसेओ खुर्ची ओढून बसतो. उघडून दाखवतो
न दिसणारं ते: पहिल्याच ओळीच्या शेपटाला
टोपी घातलेला एक एम.
‘घरी विंडोजवर लिहिलीस ना?’

त्याची आई कस्टममध्ये टायपिस्ट होती.
ओळ संपली की टिंग. मग डाव्या हाताने
गाडा परत न्यायचा, कागद वर सरकवायचा:
कामं दोन. एका यंत्राने दोन्ही जपली,
दुसऱ्याने एकच पुरे म्हटलं,
आणि भांडण आलं आपल्या पदरात.

एक आज्ञा. दोनशे बारा ओळी,
फाइल दोनशे बारा बाइटांनी हलकी.
पाटी बदलते. बोटीचा भोंगा.

नायारेत कोट चढवते. एलिसेओ तसाच बसून.
आई आता कुणाला ओळखत नाही, तो म्हणतो,
पण बोलता बोलता वाक्य संपलं
की डावा हात उचलते
आणि हवेत काहीतरी
उजवीकडे सारते.