वरची रेघ, खालची रेघ

वरची डाव्या मेंदूची, खालची उजव्या.
सिस्टर दिघोळेंनी पहिल्या रात्री एवढंच सांगितलं
आणि शेजारच्या बाळाचा पंप वाजला म्हणून गेल्या.

मी अंबडला पॅनल वायरिंग करतो.
चारशे पंधरा व्होल्ट, लाल पिवळा निळा,
प्रत्येक टोकाला लग, प्रत्येक लगला नंबर.
इथे स्क्रीनच्या कडेला मायक्रोव्होल्ट लिहिलंय.
एका व्होल्टचे दहा लाख तुकडे करा,
त्यातले दहा-वीस उचला.
तेवढ्यावर माझा मुलगा चालू आहे.

नाव अजून नाही. पायाच्या पट्टीवर: बेबी ऑफ हर्षला गायखे.
बाहेर आला तेव्हा रडला नाही,
म्हणून बहात्तर तास थंड ठेवायचा, साडेतेहतीसवर.
आईने पळशाहून कुंची शिवून आणली,
आतून फ्लॅनेल, काठाला मण्यांची लड.
ती माझ्या खिशात आहे.
डोक्यावर जागा कुठंय? चार वायरी आणि एक ग्राउंड.
अर्थिंग का, मी विचारलं.
तेच, टेक्निशियन म्हणाला.

दुसऱ्या रात्री पाय हलले, सायकल मारल्यासारखे.
हर्षलाला व्हीलचेअरवरून आणलं होतं.
बघा ना, खेळतोय, ती म्हणाली.
तेवढ्यात खालची रेघ उचलली गेली
आणि तिला दात फुटले, करवतीचे.
वरची आपली तशीच,
भिंतीपलीकडे भांडण चाललंय
आणि इकडे कुणी भाजी निवडतंय.

औषध गेलं. पाय थांबले.
सुटलो, म्हणालो मी.
सिस्टर स्क्रीनसमोरून हलल्या नाहीत.
अंग थांबलंय हो, झटका नाही थांबला.
खरंच, करवत चालूच होती.
आणि इकडे मिटलेली मूठ, शांत पापण्या,
काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

हे मला तरी कळायला हवं होतं.
नव्या पोरांवर मी रोज तेच ओरडतो,
वायर कधी सांगत नाही तिच्यात करंट आहे म्हणून.
बघून ठरवू नका. टेस्टर लावा.

शाळेत असताना पूर आला की सायकली काढून गंगेवर जायचो.
किती क्युसेक, कुणी विचारायचं नाही.
दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं,
कंबरेला लागलं,
छाती म्हटलं की भांडीबाजारात दुकानं उपसायला सुरुवात.
त्याला तोंडं दोन, पण पूर एकच.
ह्याला एकाच कपाळाआड दोन पूर,
आणि मी काठावर उभा,
पुन्हा तेच करतोय, पाणी कुठवर आलं ते बघतोय.

टेस्ट रिपोर्टच्या पाठकोऱ्या कागदावर लिहीत गेलो:
२.४०, खालची, चार मिनिटं.
३.१५, खालची, दोन.
५.०५, वरचीसुद्धा.
ह्या ओळीशेजारी पेन फाटेपर्यंत टेकवलेलं आहे.

तिसऱ्या रात्री दोन्ही रेघा एकदम थरथरल्या.
सिस्टर! मी ओरडलो, अख्खा वॉर्ड जागा केला.
त्या आल्या, स्क्रीन बघितली, मग माझा हात बघितला.
थोपटताय ना तुम्ही? ते आलंय हे.
झटका नाही. तुम्ही आहात.

हात काढून घेतला.
रेघा खाली बसल्या.

आता त्याला तासाला अर्धा अंश गरम करतायत.
पट्टा मधूनच रुंद होतो, मधूनच अरुंद.
झोप आणि जाग वेगळी व्हायला लागली, डॉक्टर मुठाळ म्हणाले,
आणि लगेच, पण आत्ताच काही सांगता येणार नाही,
एमआरआय सोमवारी.
बरं, म्हणालो.
मी पण पॅनल गेटबाहेर जाताना एवढंच लिहून देतो,
तपासलं तेव्हा ठीक होतं.

पहाटे सिस्टर चहाला गेल्या.
मी काचेच्या भोकातून हात घातला
आणि एका बोटाने, अगदी हळू,
दोनदा थोपटलं.

वर दोन टोकं. खाली दोन टोकं.
कागदावर वेळ लिहिली, ५.५०.
पुढे काय लिहावं ते सुचेना.